मावशींना किती द्यायचे?

‘काकू, बाळाजवळ बसायला एक मावशी मिळाल्यात. दुपारचे पाचच तास. किती देऊ?’

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला आहे, की आता आमच्या महिला मंडळाच्या वहीत त्यासाठी वेगळं पान ठेवलंय. विचारणाऱ्या सगळ्या शिकलेल्या, कमावत्या मुली. कुणी झेडपीच्या शाळेत, कुणी पतसंस्थेत, एक तर औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. धुण्याभांड्यांचा भाव त्यांना पाठ असतो. पोळ्यांचाही असतो. गल्लीत एकीला विचारलं की चार जणींचं कळतं. पण मूल सांभाळायचे किती, हे म्हटलं की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात.

खरं म्हणजे यात नवल काहीच नाही. आमच्या संगमनेरसारख्या गावांत हे काम विकत घ्यायची वेळच कुणावर आली नव्हती. घरात आजी असायची, आत्या असायची, नाहीतर शेजारच्या काकू ‘टाक गं इकडे’ म्हणून मूल काखेत घेऊन जायच्या. आता घरं चार खोल्यांची आणि माणसं चार. आजी असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. सरकारी नोकरीत बाळंतपणाची रजा १८० दिवसांची. खासगीत २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवडे झाले, तेही साधारण तेवढंच. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होतं, नुकतं पालथं पडायला आणि वरणाचं पाणी चाखायला लागतं, आणि आई हजेरीच्या वहीत सही करायला निघते. तेव्हा कुठूनतरी एक मावशी शोधायची आणि पगार अंदाजानं ठरवायचा, अशी गत असते.

हा अंदाज कसा लावतात तेही पाहण्यासारखं आहे. ‘भांडीवाली अर्ध्या तासाचे इतके घेते, पण तिला घासावं लागतं. ही नुसती बसणार.’ हे ‘नुसती बसणार’ मी इतक्यांदा ऐकलंय! सहा-आठ महिन्यांच्या बाळाजवळ ज्यांनी सलग पाच तास काढलेत, त्यांना यावर हसू येईल. बाराला भरवायचं. ते थुंकणार, पुन्हा भरवायचं. शी-शू, दुपटी बदलणं. झोळीत घालून अर्धा तास झोका द्यावा तेव्हा वीस मिनिटं डोळा लागणार. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की पदरानं वारा घालत बसायचं. उठलं की नाचणीचं सत्त्व. रांगायला लागलं की दाराचा उंबरा, स्विचचं बटण, खाली पडलेला शेंगदाणा, सगळ्यांवर एकच नजर. भांडं हातातून निसटलं तर पोचा येतो. मुलाचं तसं नसतं. पगार ठरवताना पहिल्यांदा ही जोखीम धरायला हवी, आणि नेमकी तीच कुणी धरत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका बोलणीत मी मध्यस्थ होते. नावं सांगत नाही, गाव लहान आहे. सून शिक्षिका, शाळा गावापासून बारा किलोमीटरवर. सासूबाईंचं वय पासष्ट, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सकाळी बारापर्यंत बाळाचं त्या करणार, बारा ते पाच मावशी. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून त्या दिवशी सात ते बारा. रविवार सुट्टी. मावशी म्हणजे वयानं तिशीची बाई, पदरात दोन मुलं, थोरली अकरा वर्षांची, धाकटा दोनचा. नवरा ट्रॅक्टरवर. काम असलं तर असलं.

सासूबाईंनी तीन हजार काढले होते. मावशींनी पाच मागितले. सूनबाई दोघींच्या मध्ये गप्प.

मी कागद-पेन मागितलं. मी आर्ट्सची, गणिताशी माझं फार सख्य नाही, पण गुणाकार-भागाकार येतो आणि या कामाला तेवढा पुरतो. रोज पाच तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १३० तास. तीन हजाराला १३० नं भागलं तर तासाला तेवीस रुपये पडतात. तेवीस रुपयांत स्टँडवर एक वडापाव येतो. हे ऐकल्यावर सूनबाईंनी मान खाली घातली. सासूबाई म्हणाल्या, ‘तसा हिशेब करतात का कुणी?’

करावा, असं माझं म्हणणं आहे. महिन्याचा ठोक आकडा फसवा असतो. तीन हजार म्हटलं की घसघशीत वाटतात. तास काढले की खरा भाव दिसतो.

मग पुढचा प्रश्न. तासाचा योग्य भाव कोणता? यासाठी मी एक तळ धरते. रोजगार हमीच्या कामाला महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये दर ठरला होता. हे काम म्हणजे माती खणणं, उचलणं. ज्याला दुसरं काहीच मिळत नाही त्याच्यासाठीचं काम. त्याला आठ तासांनी भागलं की तासाला ३९ रुपये होतात. म्हणजे आपलं मूल ज्या बाईच्या हातात देतोय, तिला निदान मातीच्या पाटीइतका तरी भाव द्यायचा असेल, तर १३० तासांचे ५०७० होतात. मावशींनी पाच हजार मागितले होते ते काही हवेत नव्हते. त्या तळाच्याही खालीच होत्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार जणींना ठाऊक नसते. दुकानं, कारखाने वगैरेंसाठी आपल्या राज्यात किमान वेतनाच्या ज्या अधिसूचना निघत आल्या, त्यांत अर्धवेळ कामगारासाठी वेगळी तरतूद असते. दिवसाच्या पगाराला कामाच्या तासांनी भागायचं, आणि जो तासाचा दर येईल त्यात १५ टक्के वाढ करायची. म्हणजे अर्धवेळ माणसाचा तास पूर्णवेळ माणसाच्या तासापेक्षा महाग धरायचा, स्वस्त नाही. त्या अधिसूचना आपल्या स्वयंपाकघरासाठी काढलेल्या नाहीत, पण त्यामागचा विचार आपल्या घरालाही लागू पडतो. ३९ रुपयांत १५ टक्के घातले की जवळजवळ ४५ होतात. त्याचे १३० तास म्हणजे ५८५०.

‘अर्धा दिवस, तर अर्धा पगार’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण बारा ते पाच ही वेळ पाहा. घड्याळात ते पाच तास आहेत, बाईच्या मात्र अख्ख्या दिवसाचं वाटोळं आहे. शेतात खुरपायला जायचं तर सकाळी निघून संध्याकाळी परत, ते गेलं. दुपारी पोळी-भाजी केंद्रावर हात मिळतो, तोही गेला. बाराच्या आधी दोन घरची धुणीभांडी उरकली तर उरकली. आपण पाच तास विकत घेतो आणि तिचे बाकीचे तास निकामी करतो. त्या निकामी तासांचं काहीतरी आपल्याकडे लागतंच. पाच तास सकाळचे, सात ते बारा असते, तर गोष्ट वेगळी. दुपार तिला मोकळी राहिली असती, पाच हजारांत ते खुशाल चाललं असतं. म्हणून मी विचारणाऱ्या मुलींना आधी ‘किती तास’ विचारत नाही, ‘कुठले तास’ विचारते.

आणि संगमनेरात आणखी एक हिशेब असतो, तो विड्यांचा. आमच्याकडे कितीतरी घरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. हजारावर मजुरी. पाठ मोडते, तंबाखूनं खोकला लागतो, पैसे थोडे. तरी बायका ते काम सोडत नाहीत. या मावशीही आधी विड्याच वळत होत्या. मी विचारलं, तिथे इतके मिळत नव्हते ना? तर म्हणाल्या, ‘न्हाई मिळत. पण विड्या वळताना माझं पोरगं माझ्या डोळ्यापुढं असतं. तुमचं पोरगं सांभाळायला मी माझं पोरगं टाकून येणार. तेवढं धरा हिशेबात.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. पंख्याचा तेवढा आवाज.

मग हळूहळू बाहेर आलं. आधी एके ठिकाणी दोन महिने काम केलं, तेव्हा धाकट्याला थोरलीजवळ ठेवून त्या यायच्या. थोरली सहावीत. बाईंनी शाळेतून दोनदा निरोप धाडला की पोरगी दुपारच्या सुट्टीनंतर वर्गात नसते. ती घरी येऊन भावाला सांभाळत होती. म्हणजे एका घरातलं बाळ सांभाळलं जावं म्हणून दुसऱ्या घरातल्या मुलीची शाळा बुडत होती, आणि पहिल्या घराला याचा पत्ताही नव्हता. आमच्या या सूनबाई तर स्वतः शिक्षिका! पटावरच्या गळतीचे तक्ते भरून पाठवणाऱ्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

म्हणून आम्ही मावशींनाच विचारलं, धाकट्याची सोय कुठे होईल? अंगणवाडी तीन वर्षांपासून, आणि तीही दुपारपर्यंतच. त्यांची जाऊ घरी विड्या वळते, ती ठेवायला तयार होती, पण फुकट नाही. महिन्याला हजार. ते बरोबरच आहे, तिचाही हात अडकणार. म्हणजे सांभाळणारीच्या मुलाला सांभाळणारी, आणि तिचाही पगार आपण देतो त्याच पैशांतून जाणार. पाच हजार ठरले असते तर मावशींच्या हातात चार राहिले असते. तीन ठरले असते तर दोन. दोन हजारांसाठी कुणी जावेला हजार देत नाही. थोरलीलाच घरी बसवते. अकरा वर्षांच्या मुलीच्या शाळेचा निकाल असा आपल्या दिवाणखान्यात लागत असतो.

याच ओघात एक बोलून घेते. काही घरांत ‘मोठी बाई कशाला, एखादी बारा-तेरा वर्षांची पोर ठेवू, बाळाशी खेळेल’ असा स्वस्त मार्ग काढतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ सालापासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनं कायदा आणखी कडक झाला. तो गुन्हा आहे. ‘जेवतेखाते, आमच्या मुलीसारखी राहते’ या सबबीला त्यात जागा नाही.

आता सासूबाईंकडे वळते. त्यांना मी खलनायिका करणार नाही. त्यांचा राग वेगळाच होता. त्या म्हणाल्या, ‘मी सकाळी सहापासून बारापर्यंत बघते. आमच्या वेळी चार पोरं वाढवली. मला कुणी पगार दिला?’ यात खोटं काय आहे? ज्या कामाचे आयुष्यात एक पैसाही मिळाला नाही, त्याच कामाचे परक्या बाईला पाच-सहा हजार मोजताना जीव तुटणारच. सूनबाई नोकरीवर, मुलगा नोकरीवर, आणि आजींच्या सहा तासांची नोंद कुठेच नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, की आई, दुपारी तुमचा गुडघा आडवा व्हावा म्हणून तर हे चाललंय. या पगारातले निम्मे पैसे तुमच्या विश्रांतीचे आहेत. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी चहा टाकला.

‘पण लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात ना तिला?’ हा मुद्दाही निघालाच. २०२४ साली ती योजना आल्यापासून कुठल्याही पगाराच्या बोलणीत तो निघतो. सरकार देतं ते सरकारच्या हिशेबात. आपल्या घरचं काम त्यातून वजा कसं करायचं? त्या न्यायानं शिक्षिकेच्या नवऱ्याचा पगार बघून शाळेनं तिचा पगार कमी करायला हवा.

सूनबाईंनी शेवटी स्वतःच सहा हजार म्हटलं. मला वाटलं मिटलं. पण मावशी म्हणाल्या, ‘सहा नको. साडेपाच द्या. पण सुट्टीत बंद करू नका.’

शिक्षकांच्या घरी काम करणाऱ्या बाईची खरी अडचण ही असते. उन्हाळ्याची सुट्टी दीडएक महिना, दिवाळीची दोन आठवडे. शिक्षिका घरी असते, म्हणून ‘आता जूनमध्ये या’ असा निरोप मिळतो. शिक्षिकेचा मे महिन्याचा पगार खात्यात जमा होतो आणि मावशींची चूल थंड. शिवाय जूनमध्ये परत बोलावतील की नाही याचीही खात्री नाही. अर्धवेळ कामात हे सगळ्यात वाईट. मालकिणीला गरज असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा बाई हवेत. त्यांनी मागितलं ते असं, की सुट्टीत मला अर्धा पगार द्या, हवं तर दोन तास बोलवा. हिशेब मांडून पाहा. दहा महिने सहा हजार आणि दोन महिने काही नाही, तर वर्षाचे साठ हजार. दहा महिने साडेपाच आणि दोन महिने पावणेतीन, तर साठ हजार पाचशे. मालकिणीच्या खिशाला फरक पाचशे रुपयांचा, तोही वर्षाला. मावशींना मात्र बारा महिने घर चालल्याची शाश्वती. आकडेमोड न करता त्या बाईनं हे तोंडी मांडलं होतं. मी नुसती कागदावर खात्री केली.

तेच ठरलं. महिन्याला दोन पगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस, आणि दर जूनला वाढ. वाढ आधीच ठरवून टाकावी, म्हणजे वर्षानं तोंड उघडताना तिला ओशाळं व्हायला नको आणि आपल्यालाही ऐकताना धक्का नको. दिवाळीचा बोनस म्हणून साडी देऊन मोकळं होणारीही घरं आहेत. साडी द्या की, पण ती भेट. बोनस म्हणजे पैसे.

ही पगारवाढ, सुट्टी, बोनसची भाषा काही मी शोधून काढलेली नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते. आज शहरात कुठे पगारी सुट्टी आणि दिवाळीचा पगार रीत म्हणून दिला जातो, त्यामागे अशा बायकांचं रस्त्यावर उतरणं आहे. आमच्यासारख्या गावांत संघटना पोचली नाही. इथे ज्याची त्याची बोलणी ज्याच्या त्याच्या ओट्याशी होते.

खाड्यांचं मात्र स्पष्ट बोलून घ्यावं. जास्तीचा खाडा झाला की पैसे कापायचे, पण कसे? एक गंमत बघा. कापताना पगाराला २६ नं भागणाऱ्या बायका रविवारी जादा बोलावलं की द्यायच्या वेळी ३० नं भागतात. साडेपाच हजारांना २६ नं भागलं तर दिवस २११ रुपयांचा, ३० नं भागलं तर १८३ चा. उलट करा. कापताना ३०, जादाचं देताना २६. महिन्याकाठी आपलं फार जात नाही. आणि आपल्याला यायला उशीर झाला, मीटिंग लांबली, एसटी चुकली, तर त्या जादा तासाचेही पैसे लावायचे. पाचला सुटणारी बाई साडेसहाला सुटते तेव्हा तिची पोरं दारात बसलेली असतात.

काम कोणतं हेही ठरलेलं बरं. बाळाचं खाणं, बाळाचे कपडे, बाळाची जागा पुसणं हे त्यातच आलं. बाळ झोपल्यावर आजींशी गप्पा मारत लसूण सोलला, शेंगा निवडल्या तर कुणी तक्रार करत नाही, दोन बायका एकत्र बसल्या की हात चालतातच. पण ‘जाता जाता एवढी भांडी’ आणि ‘बाळ झोपलंय तर जरा फरशी’ सुरू झालं की एका पगारात दोन कामं झाली. शिवाय फरशी पुसणारीचं लक्ष झोळीकडे कसं राहणार? तोटा आपल्याच बाळाचा. आणि एक शेवटचं, जे पैशांत येत नाही पण पगाराइतकंच मोजलं जातं. मांडणीवर त्यांचा कप वेगळा ठेवू नका. ज्या हातानं आपलं बाळ जेवतं त्या हाताला आपला कप का चालू नये, मला कळलेलं नाही.

पैसे कसे द्यायचे, हासुद्धा विचार करण्याचा मुद्दा आहे. आजकाल सगळ्यांना फोनवरून पाठवायची सवय. पण बऱ्याच घरांत फोन एकच, आणि तो नवऱ्याचा. पैसे पाठवल्याचा टिंग आवाज त्याच्या खिशात वाजतो. या मावशींनी आधीच सांगितलं, ‘माझ्या हातात द्या.’ आता त्यांचं स्वतःचं खातं आहे, पासबुक आमच्या मंडळाच्या कपाटात असतं, त्यांच्याच सांगण्यावरून. अडीनडीला उचल मागितली तर द्यावी, पण वहीत लिहून, महिन्याला पाचशे असे बेतानं फेडून घ्यावी. एकदम सगळा पगार वळता करून घेतला तर त्या महिन्यात ती दुसरीकडून उचल घेणार.

कायद्याचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वयाच्या घरकामगारांना त्यात नोंदणी करता येते. पगार किती द्यायचा हे त्यात लिहिलेलं नाही, तो कल्याणाच्या योजनांसाठी आहे. पण नोंदणी झालेली असली तर मंडळाची योजना जाहीर होते तेव्हा नाव यादीत असतं. कामाचा दाखला मागितला तर आपण सही द्यावी. सही दिली म्हणजे आपण काही अडकत नाही. शेजारच्या कर्नाटकानं २००४ मध्येच घरकामासाठी किमान वेतन ठरवून दिलं होतं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०११ साली घरकामगारांच्या हक्कांचा करार मंजूर केला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं, पण त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही. थोडक्यात, आमच्या गल्लीतला पगार आम्हालाच ठरवायचा आहे.

स्वस्तातली एक सोय मात्र आपल्या हातात आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. बँकेत खातं हवं, बस्स. मावशींच्या खात्यातून कापले जाणारे ते वीस रुपये आपण भरले तर आपल्याला कळणारही नाहीत. चाळिशीच्या आतल्या बाईसाठी श्रमयोगी मानधन ही २०१९ मध्ये आलेली पेन्शन योजनाही आहे. वयाप्रमाणे महिना पंचावन्न ते दोनशे रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना तीन हजार. आमच्या सूनबाईंनी या जूनमध्ये पाचशेची वाढ दिली, त्यातले शंभर मावशींनी याकडे वळवले. बाकीचे कुठे गेले ते मी विचारलं नाही. थोरलीच्या पायात नवे बूट दिसले.

थोरली आता सातवीत आहे आणि दुपारच्या सुट्टीनंतरही वर्गात असते. सूनबाईंनी तिच्या बाईंकडे स्वतः चौकशी केली. सासूबाई अजूनही अधूनमधून ‘साडेपाच म्हणजे फारच’ म्हणतात, वाढ झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बाळ पावणेदोन वर्षांचं झालंय. सव्वा वर्षानं ते बालवाडीत जाईल आणि मावशींचं काम संपेल. काम सुटताना एक महिना आधी सांगायचं आणि एक पगार वर द्यायचा, हे त्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय. पण मावशी वाट बघत बसणाऱ्यातल्या नाहीत. परवा मंडळात आल्या आणि म्हणाल्या, ‘काकू, पुढचं घर बघून ठेवा. पण दुपारचं असंल तर आधी माझा भाव सांगा त्यांना.’

वहीत दोन नावं लिहून ठेवली आहेत. एक पतसंस्थेतली, तिला अकरा ते चार हवंय. दुसरीला सकाळचं चालणार आहे.